मशेरी सुटली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागले: काढ्याच्या चुळांचे एक प्रकरण

सोलापुरातल्या एका रुग्णाच्या हिरड्यांची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हिरड्या सुजल्या की काढ्याच्या चुळा भरणे हा घरोघरचा उपाय आहे आणि तो निरुपयोगी नाही. मात्र तो कोणत्या टप्प्यावर करायचा यावर बरेच काही ठरते, आणि या प्रकरणात तो टप्पा दोनदा चुकला. एकदा घरी चुकला, एकदा दवाखान्यात.

पार्श्वभूमी

शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या, चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या या बाई घरी विड्या वळतात. पाला भिजवायचा, कातरायचा, वळायचा, बंडले बांधून कारखान्यात द्यायची आणि नवा पाला-तंबाखू घेऊन यायचा. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. त्यामुळे दवाखान्यात गेलेला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. पुढच्या प्रत्येक निर्णयात हा हिशेब होता.

मशेरी अठरा वर्षांची. सकाळी उठल्यावर, दोन्ही जेवणांनंतर आणि रात्री झोपताना अशी दिवसातून चार वेळा. दात घासायचे म्हणजे मशेरीच लावायची. ब्रश घरात होता तो मुलांसाठी. एका तपासणी शिबिरात डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांसमोर पांढरा चट्टा दिसला. तंबाखू थांबवा, असे तिथे स्पष्ट सांगितले गेले. त्यांनी त्याच दिवशी मशेरीचा डबा बाहेर टाकला. अठरा वर्षांची सवय एका दिवसात सोडणे सोपे नाही, आणि या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा उपचार तोच होता.

तिसऱ्या आठवड्यात ब्रश केला की थुंकीत रक्त दिसू लागले. हिरड्या मऊ झाल्या, तोंडाला वास येऊ लागला. शेजारपाजारच्यांनी एकच अर्थ काढला: मशेरीने हिरड्या घट्ट होत्या, सोडली म्हणून सैल पडल्या, पुन्हा लाव.

अडचण

हा अर्थ चुकीचा असला तरी डोळ्यांना तसेच दिसत होते, म्हणून तो खोडायलाच हवा होता. हिरड्यांची सूज येते ती दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे. तो थर काढला नाही तर त्यावर लाळेतले क्षार बसून कीटण होते आणि कीटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी लवकर धरतो. शरीर या जिवाणूंशी झुंजते तेव्हा हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि जरा धक्का लागला की रक्त येते. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी दिसते. सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये काही आठवड्यांत रक्तस्राव वाढलेला दिसतो, हे चांगले माहीत आहे. मशेरीतही निकोटीनच आहे. शिवाय रोज घासल्या जाणाऱ्या जागी तोंडाचे आवरण जाड होते. म्हणजे हिरड्या आधीपासूनच आजारी होत्या. मशेरी सुटली आणि झाकण निघाले.

हे त्यांना शिबिरातच सांगितले गेले असते तर पुढचे बरेच टळले असते. सांगितले गेले नाही, म्हणून त्यांनी घरीच उपाय सुरू केला. मशेरीकडे त्या परत वळल्या नाहीत, हे विशेष.

घरचा काढा असा होता. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली त्रिफळ्याची आणि बाभळीच्या सालीची भरड एकेक मूठ, घरात वाळवलेली डाळिंबाची साल, सुपारीएवढी तुरटी आणि तांब्याभर पाणी. लोखंडी कढईत अंदाजाने उकळून तो प्लास्टिकच्या बाटलीत भरला जाई आणि तीन-चार दिवस वापरला जाई. दाढ ठणकली की लवंग तेलाचा बोळा थेट हिरडीवर.

औषधे निवडण्यात चूक नव्हती. हिरडा, बेहडा, आवळा, बाभूळ, डाळिंबाची साल या सगळ्यांत भरपूर टॅनिन असते. ते आवरणातल्या प्रथिनांना घट्ट करते, म्हणजेच स्तंभन करते, आणि जिवाणूंनाही काही प्रमाणात रोखते. त्रिफळ्याच्या चुळांवर लहान, थोड्या आठवड्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांपैकी काहींत दातांवरचा थर आणि हिरडीची सूज क्लोरहेक्सिडीनच्या (दंतवैद्य देतात त्या जंतुनाशक चुळेच्या औषधाच्या) तोडीस तोड कमी झाली. प्रमाण आणि पद्धत मात्र बिघडली होती. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो, त्यामुळे काढा शाईसारखा झाला होता. तुरटी जास्त झाल्याने तोंड कोरडे पडून गालाच्या आतली सालपटे निघत होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो; तेव्हा बाहेर ठेवलेला काढा दुसऱ्या दिवशीच आंबतो. आणि निव्वळ लवंग तेलातले युजेनॉल हिरडी भाजते.

तरीही दहाएक दिवसांत पुढच्या दातांचे रक्त कमी झाले. घरच्यांनी श्रेय काढ्याला दिले. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट बदलली होती: त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रोज दोन वेळा ब्रश करायला सुरुवात केली होती. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात स्वच्छ करणे थांबवायला लावले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात सुधारल्या. म्हणजे नुसत्या ब्रशनेही एवढा फरक पडला असता. काढ्याचा वाटा किती आणि ब्रशचा किती, हे या रुग्णात वेगळे करता येत नाही. करू पाहणे प्रामाणिकपणाचेही नाही.

मागच्या दाढांचे ठणकणे मात्र थांबेना. अठरा दिवस काढा घेऊन त्या दातांच्या दवाखान्यात आल्या.

तपासणीत काय दिसले

वरवर पाहता चित्र बरे होते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी-काळसर असतात, त्यात लाली चटकन दिसत नाही. तुरटीने कडा आवळलेल्या होत्या. नुसता आरसा धरून पाहिले असते तर ‘सूज उतरते आहे, काढा चालू ठेवा’ असे सांगून मोकळे होता आले असते.

मोजपट्टी असलेल्या बारीक सळईने दात आणि हिरडी यांच्यातली खोली मोजली. तोंडात २७ दात, प्रत्येकाच्या भोवती सहा जागा, म्हणजे १६२ जागा. निरोगी हिरडीत ही खोली ३ मिलिमीटरपर्यंत असते. इथे २२ जागी ती ५ किंवा त्याहून जास्त होती. उजवीकडच्या वरच्या पहिल्या दाढेला तर ७, आणि तिच्या मुळांच्या दुफाट्यात सळई शिरत होती. सळई फिरवल्यावर १०१ जागी रक्त आले, म्हणजे ६२ टक्के. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाची सलग भिंत होती. मशेरीच्या घर्षणाने दातांच्या माना झिजलेल्या होत्या. एक्स-रेत मागच्या दाढांभोवतीचे हाड उतरलेले दिसले.

म्हणजे हा केवळ हिरड्यांचा दाह नव्हता. पुढच्या बहुतेक दातांना नुसता दाह होता, जो पूर्ण बरा होतो. मागे आजार हाडापर्यंत गेला होता, आणि गेलेले हाड चुळांनी परत येत नाही. चूळ हिरडीच्या कडेखाली जेमतेम पोचते. दात आणि हिरडी यांच्यातल्या ५-७ मिलिमीटर खोल कप्प्याच्या तळाशी बसलेल्या जिवाणूंना काढ्याचा थेंबही लागत नव्हता. उलट वरची कड घट्ट होऊन रक्त थांबत होते आणि धोक्याची एकमेव दिसणारी खूण नाहीशी होत होती.

डाव्या गालावर दोन पांढरे भाग होते. एक शिबिरात दिसलेला जुना चट्टा. दुसरा हिरडीलगतचा, मऊ, पुसल्यावर निघणारा आणि खाली लाल, दुखरी जागा सोडणारा. तो लवंग तेलाने भाजलेला भाग होता आणि पसरून जुन्या चट्ट्याच्या कडेला भिडला होता. त्यामुळे जुन्या चट्ट्याची खरी कड कुठे आहे, हे त्या दिवशी सांगता येईना.

कोणते पर्याय होते

पहिला, काढाच सुधारून महिनाभर चालू ठेवायचा. खर्च जवळजवळ नाही, मजुरी बुडत नाही, रुग्णाचा विश्वास आधीच आहे. नुसता दाह असता, कप्पे ३ मिलिमीटरच्या आत असते आणि कीटण नसते, तर हा पर्याय योग्य होता. इथे नाही.

दुसरा, काढा बंद करून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या चुळा. औषध दमदार आहे, पण कप्प्याच्या तळाशी तेही पोचत नाही. दोन आठवड्यांपुढे नेले तर दात डागाळतात आणि जिभेची चव बदलते. फक्त बाटली बदलून आजार बदलत नाही.

तिसरा, आधी कीटण आणि हिरडीखालची मुळे साफ करायची, चुळा त्यानंतर. यासाठी चार फेऱ्या लागणार होत्या. शिवाय ‘दात साफ केले की सैल होतात, फटी पडतात’ ही भीती. ती निराधार म्हणून झटकून चालत नाही, कारण रुग्णाला तसेच जाणवते. कीटणाने भरलेली फट मोकळी होते, सुजलेली हिरडी उतरून मूळ उघडे पडते आणि कीटणाच्या आधाराने उभा असलेला दात हलल्यासारखा वाटतो. फट कीटणाने पाडलेली असते. सफाईने ती फक्त दिसायला लागते. हे सफाईच्या आधी सांगितले तर स्पष्टीकरण ठरते, नंतर सांगितले तर सबब.

चौथा, जंतुनाशक गोळ्या. ताप नाही, पू साचलेली गाठ नाही; गरज नव्हती.

तिसऱ्या पर्यायाला घरातून विरोध झाला. दीर आयुर्वेद मानणारे. यंत्राने खरवडण्यापेक्षा वनस्पती बरी, असे त्यांचे म्हणणे. इथे सुश्रुतसंहितेचाच आधार उपयोगी पडला. हिरड्यांतून अकारण रक्त येणे, त्या मऊ पडणे आणि दुर्गंधी या लक्षणांना तिथे ‘शीताद’ म्हटले आहे. त्यावर सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याचा गंडूष, म्हणजे तोंडात धरायची चूळ, सांगितला आहे, पण तो दूषित रक्त काढून टाकल्यानंतर. दातांवरच्या कीटणाला तिथे ‘दन्तशर्करा’ म्हणतात आणि हिरडीला इजा न करता ती काढून टाकावी, असा स्पष्ट निर्देश आहे. आधी काढून टाकणे, मग काढा, हा क्रम नवा नाही. दिरांनी हे ऐकून घेतले आणि पुढे प्रत्येक फेरीला स्वतः गाडीवरून घेऊन आले. त्यांना गप्प करण्यासाठी हा दाखला दिला असता, तर गाडी घरीच राहिली असती.

काय केले

पहिल्या दिवशी वरवरचे कीटण काढले. लवंग तेल बंद केले. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलवायचा, हे आरशासमोर करवून घेतले. दाढांच्या फटींसाठी ०.७ मिलिमीटरचा बारीक फटी-ब्रश दिला. दहा दिवस ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, ३० सेकंद. पेस्टने दात घासणे आणि ही चूळ यांत अर्धा तास अंतर, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने औषध निकामी होते.

दहाव्या दिवशी भाजलेला भाग भरून आला होता. जुना चट्टा आता स्वच्छ दिसत होता. तो पातळ झाला होता, पण गेला नव्हता. मशेरी सोडून सात आठवडे उलटले होते. तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत न गेलेला चट्टा नुसता पाहत बसायचा नसतो, म्हणून तुकडा तपासणीसाठी रुग्णालयात पाठवले. कर्करोग नव्हता, पेशींत धोकादायक बदलही नव्हते. दर सहा महिन्यांनी पाहायचे ठरले. त्याच दिवशी भूल देऊन उजवी बाजू हिरडीखालपर्यंत साफ केली.

डावी बाजू सतराव्या दिवशी करायची होती. त्या आल्या नाहीत.

काय बिघडले

एकतिसाव्या दिवशी त्या आल्या त्या रागावून. पुढच्या दातांवर तपकिरी-काळे डाग पडले होते. ‘मशेरीनेसुद्धा एवढे काळे झाले नव्हते,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते.

कारण चिठ्ठीत सापडले. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘औषधाच्या चुळा दिवसातून दोनदा’. काढा बंद करा, असे कुठेही लिहिलेले नव्हते. तोंडी तर ‘काढा वाईट नाही’ असेच सांगितले होते. त्यांनी विचार केला, दोन्ही घेतले तर लवकर बरे होईल. दहा दिवसांची बाटली पुरवून पुरवून महिनाभर वापरली, सोबत लोखंडी कढईतला काढा, आणि विड्या वळताना दिवसभरात पाच-सहा कप चहा. क्लोरहेक्सिडीन दाताच्या पृष्ठभागाला चिकटून राहते आणि चहातल्या, काढ्यातल्या टॅनिनसारख्या रंगद्रव्यांना धरून ठेवते. डाग पडण्यासाठी यापेक्षा चांगली जुळणी मिळाली नसती. डाग वरचे होते, वीस मिनिटांच्या पॉलिशने गेले. गेलेले दोन आठवडे मात्र परत आले नाहीत.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. उजवी बाजू साफ होऊन तीन आठवडे झाले तरी हिरडी अजून फुगीर होती. या वयात, इतके कप्पे असताना, भरून यायला उशीर होतो आहे, मग साखर? ग्लुकोमीटरवर बोटाच्या थेंबात २६८ आली. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ८.४. मधुमेह ६.५ पासून धरतात. तहान आणि रात्री उठणे हे त्यांनी उन्हाळ्यावर ढकलले होते. ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. मधुमेहाने हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या दाहाने साखर आवरायला जड जाते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध इतका पक्का आहे की खोल कप्पे दिसले तर साखर न पाहणे हे अर्धी तपासणी करण्यासारखे आहे.

फिजिशियनकडे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू झाले. साखर उतरू लागल्यावर पंचेचाळिसाव्या दिवशी डावी बाजू साफ केली. क्लोरहेक्सिडीन थांबलेले होते. काढा आता सुरू झाला, आणि तो असा:

त्रिफळ्याची जाडसर भरड १० ग्रॅम, वाळवलेल्या डाळिंबसालीचे तुकडे ५ ग्रॅम, पाणी २४० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या सोळापट. स्टीलच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर चौथाई होईपर्यंत, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर उरेपर्यंत उकळायचे. भरड पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती पन्नासेक मिलिलिटर लागतो. सुती कापडाच्या दोन घड्यांतून गाळायचा. चहाची गाळणी चालत नाही. तिच्यातून निसटलेला सालीचा बारीक कण खोल कप्प्यात अडकला तर तिथेच पू धरतो. काढा कोमट होऊ द्यायचा. २० ते २५ मिलिलिटर तोंडात घेऊन एक मिनिट खळखळवायचा, थुंकायचा, मग साध्या पाण्याची एक चूळ. सकाळ-रात्र, एकूण चार आठवडे. काढा रोजचा रोज करायचा. रात्रीचा भाग फ्रिजमध्ये, आणि उरला तर ओतून द्यायचा.

तुरटी नाही, लवंग तेल नाही, मीठ नाही. बाभूळही काढली, कारण टॅनिन दोन घटकांतूनच पुरेसे येते आणि घटक कमी असले की काही बिघडल्यास कशाने ते कळते. ब्रश चुळेच्या आधी, नंतर नाही. आवळ्यामुळे काढा आंबट असतो, आणि आंबट लागल्या लागल्या घासले तर मशेरीने आधीच झिजलेल्या माना आणखी झिजतात.

डाळिंबसालीबद्दल थोडे. सांगोला-पंढरपूरकडची डाळिंबे सोलापूरच्या बाजारात वर्षातला बराच काळ मिळतात, साल फुकट. पण डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आणि बुरशीसाठी केलेल्या फवारण्या सालीवरच बसतात. म्हणून फळ सोलण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचे, डाग पडलेली साल घ्यायची नाही आणि वाळवण सावलीत, कापडाखाली. या घरात आणखी एक काळजी होती: साल आणि विडीची तंबाखू एकाच सुपात वाळत असे. सूप वेगळे केले. काढा करण्याआधी आणि फटी-ब्रश हातात घेण्याआधी हात साबणाने धुवायचे ठरले, कारण तंबाखूचा बारीक भुगा बोटांवर राहतो आणि मशेरी सोडूनही तोंडात जातो.

निष्पत्ती

डावी बाजू साफ केल्यानंतर आठ आठवड्यांनी सगळ्या १६२ जागा पुन्हा मोजल्या. रक्त ३१ जागी, म्हणजे १९ टक्के. ५ मिलिमीटर किंवा जास्त खोल जागा २२ वरून ७ वर आल्या. पुढच्या दातांभोवती दाह उरला नव्हता. एचबीए१सी ७.३ झाले. यात मुख्य वाटा औषधाचा आणि भाताचे प्रमाण कमी केल्याचा आहे. हिरड्यांच्या उपचाराने ते तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरते, त्याहून मोठे श्रेय दातांच्या दवाखान्याने घेऊ नये.

उजवीकडची वरची दाढ ७ वरून ६ वर आली आणि तिथेच थांबली. मुळांच्या दुफाट्यात सफाईची हत्यारे नीट फिरत नाहीत. तिच्यासाठी हिरडी उघडून साफ करण्याचा सल्ला दिला आहे. एचबीए१सी ७ च्या खाली आल्यावर करू, असे त्यांनी ठरवले आहे आणि तो निर्णय रास्त आहे.

अपेक्षेप्रमाणे हिरड्या उतरल्यावर फटी दिसू लागल्या आणि माठातले पाणीही झोंबू लागले. हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून या वेळी फेरी चुकली नाही. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने झोंबणे पाच-सहा आठवड्यांत बरेच कमी झाले.

चार आठवड्यांनी काढा थांबवला. थांबवल्यावर रक्त वाढते का, ते महिनाभराने पाहिले, वाढले नाही. फटी-ब्रश चालू असेल तोवर चुळांची रोजची गरज नाही. याउलट, चूळ बंद केली की रक्त परत येत असेल तर खाली काहीतरी साफ व्हायचे राहिले आहे. तिथे चूळ पुन्हा सुरू करायची नसते, पुन्हा मोजायचे असते.

वेगळे काय करता आले असते

मशेरी सोडायला सांगताना त्याच वाक्याला जोडून सांगायचे: ‘दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांतून रक्त दिसेल. तो आजार जुना आहे, मशेरीने झाकला होता. घाबरून परत लावू नका, दाखवायला या.’ या बाई निग्रही होत्या म्हणून परतल्या नाहीत. त्यांच्याच गल्लीतल्या दोघी रक्त पाहून परतल्या, असे त्यांनी नंतर सांगितले.

साखर पहिल्या दिवशी.

कोणता काढा, कशात उकळता, किती दिवस ठेवता, सोबत काय लावता, हे चार प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचे. ‘काही घरगुती उपाय करता का?’ या प्रश्नाला बहुतेक जण नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी काढा हा उपाय नसून रोजचा व्यवहार असतो. कढईचा रंग विचारला असता तर डागांचा अंदाज आला असता.

सफाई दोन फेऱ्यांत वाटण्याऐवजी एकाच आठवड्यात, कारखान्याच्या सुटीला जोडून करता आली असती. मजुरी कमी बुडाली असती आणि मधल्या काळात माणूस हरवला नसता.

काढा अठरा दिवस घेऊन झाल्यावर पहिले मोजमाप झाले, त्याआधीची नोंद नाही. त्यामुळे या प्रकरणावरून त्रिफळा-डाळिंबसालीच्या ताकदीबद्दल काही ठामपणे म्हणता येत नाही. सफाईनंतर तो निर्धोक चालला, रुग्णाने आवडीने घेतला आणि डाग पडले नाहीत, एवढे म्हणता येते.

दवाखान्याच्या चिठ्ठीवर आता एक ओळ मराठीत आणि तेलुगूत छापलेली असते: ‘ही बाटली चालू असेपर्यंत काढा बंद. बाटली दहाव्या दिवशी टाकून द्या. काढा कधी सुरू करायचा, ते पुढच्या फेरीत सांगू.’